सुम्मने जाणारी बाई

पुट्टी, इकडे ये बघू. जवळ सरक, आणि तो मोबाईल खाली ठेव आधी. तोंडाने सांगावं तर तू थांबतेस कुठे? म्हणून लिहूनच ठेवते आहे. वाचताना तरी माझ्याजवळ बसल्यासारखी होशील. काल आलीस ती स्कूटर चालूच ठेवून, फाटकाबाहेरूनच "अज्जी, ब्लाउज झाला का?" म्हणून ओरडलीस. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. आरशाचं डोकं फुटणार आहे का गं? ओढणी मागे झेंड्यासारखी उडतेय, एका कानात ती वायर, आणि मी पिशवीला गाठ मारेपर्यंत तुझा हात पुढे. माझ्या धाकट्या बहिणीची नात तू, तिच्यासारखीच घाईची. तुझी आजीसुद्धा अंबाडा बसमध्येच घालायची.

घरातून निघावं कसं, ते मी एका बाईला बघून शिकले. शिकून पुढे काय केलं ते सांगायची लाज वाटते. तरी सांगते, कारण तुला कोणी सांगणार नाही.

आपल्या वरच्या खोल्यांत राहायची ती. तू पाहिली असशील एखाद्या वेळी, जिन्यावर. नाव लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. घर बघायला आली तेव्हा अंगावर साधी सुती साडी आणि पायांत पोलिसासारखे बूट. पन्नाशी ओलांडलेली. साताऱ्याकडची, इथल्या कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत बदली होऊन आलेली. दारात मराठी ऐकून मला कोण आनंद! आमची मराठी तुला ठाऊकच आहे, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात मुरलेली, निम्मी कन्नड. शाळा माझी कन्नडात, तीही अर्धी. मराठी अक्षरं मी कॅलेंडरवरून आणि मासिकांवरून आपली आपण लावली. तिची मराठी मात्र नुकतीच इस्त्री करून काढल्यासारखी.

मी विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

ती म्हणाली, "गाडी ठेवायला सावली आहे का?"

"यजमान काय करतात?"

"फाटक किती रुंद आहे हो?" असं म्हणून ती खरोखरच वितीने फाटक मोजायला लागली.

काही प्रश्नांना उत्तरं द्यायचं ह्या बाईने सोडून दिलंय, हे तेव्हाच कळायला हवं होतं. मला वाटलं, कानाने कमी ऐकते. म्हणून तिसरा प्रश्न ओरडून विचारला.

गाडी म्हणजे मी समजले तुझ्यासारखी स्कूटर. आली ती ही एवढी काळी मोटरसायकल, बसलेल्या म्हशीएवढी. माझ्या मुलाला बंगळुरात बातमी पोचायला वेळ लागला नाही. समोरचे मेष्ट्रु, निवृत्त शाळामास्तर, त्यांनीच फोन केला असणार. "आई, आधी विचारायचं नाही का? एकटी बाई, मोटरसायकल घेऊन रविवारी पहाटे कुठे जाते ते कोणाला ठाऊक नाही. उद्या काही झालं तर पोलीस आपल्या दारात. करार संपला की दुसरं कोणी बघू."

मी "बघू" म्हटलं. पण त्या दिवसापासून ती राहणार की जाणार, हेच माझ्या डोक्यात बसलं. मला ती राहायला हवी होती. का, तर रविवारमुळे.

रविवारी उजाडायच्या सुमाराला ती खाली यायची. बूट हातात, पायांत नुसते मोजे, जिना वाजू नये म्हणून. पायरीवर एकेक वस्तू मांडायची. हातमोजे, हेल्मेट, गळ्याला गुंडाळायचं मऊ फडकं, पंक्चरचं सामान, पाण्याची बाटली. मांडणी अशी नीट की मला वाटायचं, आता गुरुजी येतील आणि संकल्प सोडतील. मग गाडीभोवती एक फेरी, वाकून, चाकाच्या रबरावरून तळवा फिरवत, खिळा रुतलाय का, काच रुतलीय का बघत. हवा मोजायचं घड्याळासारखं काहीतरी होतं, ते लावताना ती स्वतःचा श्वास धरून ठेवायची. साखळीला तेल द्यायची, कडी कडी फिरवून. इंजिनाच्या कुशीत एक गोल काच असते, त्यातून आतलं तेल दिसतं. तिथे डोळा लावायची, आपण भात शिजला का ते झाकण तिरकं करून बघतो ना, तशी. आरसे पुसायला माझ्या जुन्या साडीचा तुकडा मागून घेतला होता. नवं कापड ओरखडे पाडतं म्हणे.

ह्यात तिला कसली घाई नसायची. उन्हं फाटकावर येईपर्यंत चालायचं. आणि बघता बघता तिचा चेहरा बदलायचा गं. आठवडाभर ऑफिसच्या बसमधून उतरणारी ती दमलेली बाई कुठेतरी गळून पडायची. गाडी अजून जागची हललेली नसायची, पण ही केव्हाच निघालेली असायची.

मी आपली कॉफीचा पेला घेऊन उभी. एकदा ती म्हणाली, "काकू, उभ्याच आहात तर विचारा ना मला."

"काय विचारू?"

"गाडीचं. मी एकटी असले की मनातल्या मनात विचारते. पण मन फसवतं, न बघताच हो म्हणून मोकळं होतं. माणसाला मोठ्याने उत्तर द्यायचं म्हटलं की हात लावून बघावं लागतं."

मग तिने मला प्रश्न शिकवले. शाळेत कधी पाढे म्हटले नसतील इतक्या हौसेने मी ते पाठ केले.

"हवा?"

"बघितली. दोन्ही."

"साखळी?"

"तेल दिलं. सैल नाही."

"दिवे?"

"लागतात. मागचाही."

"ब्रेक?" मग ती गाडी दोन पावलं ढकलायची, मूठ दाबायची, चाक जागच्या जागी थांबलं की म्हणायची, "धरतोय."

"कागद?" "खिशात." "पाणी?" "घेतलं." "वरचा गॅस?" "बंद."

आणि शेवटचा प्रश्न, "कुठे?"

त्यावर ती हेल्मेटच्या काचेतून डोळे बारीक करून हसायची आणि म्हणायची, "सुम्मने."

हा शब्द मीच तिला दिलेला. भाजीवालीने तिला कशावरून तरी "सुम्मने बंदे" म्हटलं, तेव्हा मला अर्थ विचारत आली. मी सांगितलं, सुम्मने म्हणजे उगीच, काही काम नसताना, कारण न सांगता. सुम्मने आले, सुम्मने बसले. ऐकून ती खुळावलीच. "मराठीत उगीच म्हटलं की काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटतं हो काकू. ह्यात गुन्हा नाही."

सुम्मने म्हटलं की काच खाली, आणि गेली. मेष्ट्रुंच्या घरावरून वळताना तिची पाठ अशी दिसायची, की कोणीतरी डोक्यावरचा हंडा उतरवून घेतलाय.

हे सगळं कशासाठी, ते तिने एकदाच सांगितलं. आरसा पुसत होती, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सासरी मी भाजीला निघाले तरी चार तोंडं विचारायची. कुठे, कशाला, बरोबर कोण, कधी येणार. सगळ्यांना उत्तरं देऊन चप्पल घालेपर्यंत जायची इच्छाच उरायची नाही. आता मी उत्तरं देते, पण गाडीची. सगळी खरी, हात लावून बघितलेली. तेवढी दिली की शेवटच्याला नाही दिलं तरी चालतं." एवढं बोलून तिने दुसरा आरसा घेतला. यजमानांचं काय झालं, आहेत की नाहीत, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

विक्षिप्त तर ती होतीच. कोपऱ्यावर कढीलिंब आणायला जायचं तरी हातमोजे, हेल्मेट, गाडीभोवती फेरी, सगळं साग्रसंगीत. मी म्हणायची, "अगं, फोडणी जळतेय!" ती म्हणायची, "गॅस बंद करा काकू. घाईत निघालं की घर मागच्या सीटवर बसून येतं." हातमोजे धुऊन माझ्या दोरीवर वाळत घालायची, चिमटे लावून, बोटं वर करून. वारा आला की दोन हात रस्त्यावरच्या माणसांना टाटा करायचे. परत यायची ती दुपारच्या आधी. नळावर पाय धुवायची, कुठे गेले होते हे कधी सांगायची नाही. कधी बुटांना तांबडी माती असायची, कधी खिशात भुईमुगाच्या ओल्या शेंगा. मी मनातल्या मनात ओळखायची, ही बेट्टदपूरकडची माती असेल, ह्या शेंगा बन्नूरच्या रस्त्यावरच्या. विचारलं नाही कधी. न विचारण्यात मला एक मजा वाटायची. वाटायचं, तिच्याबरोबर मीही थोडीशी कुणाला न सांगता जाऊन आले.

आणि तरी लाज वाटायची बघ. रस्त्यावरची माणसं रांगोळी घालायला, दूध घ्यायला बाहेर आलेली असायची, आणि त्यांच्या देखत सत्तरीला टेकलेली मी "साखळी? दिवे?" म्हणून ओरडतेय! मेष्ट्रु फाटकावर हात टेकून विचारायचे, "एनम्मा, निम्म रॉकेट हारिता?" काय बाई, तुमचं रॉकेट उडालं का? मी शेवग्याच्या झाडाआड उभी राहून प्रश्न विचारायला लागले. अंग झाडाआड, आवाज मात्र साऱ्या रस्त्याला. ती हसायची. "काकू, झाड फार चांगले प्रश्न विचारतंय आज."

करार संपत आला तो दसऱ्याच्या सुमाराला. मुलगा सुट्टीला आला तो ठरवूनच आला. "ह्या वेळी मी स्वतः सांगतो त्यांना. तुझ्याने होणार नाही." मी म्हटलं, "सण होऊ दे रे." तो म्हणाला, "पूजा झाली की सांगतो. दसरा रविवारीच आहे, त्या फिरून आल्या की."

खंडेनवमीला आपल्याकडे काय असतं तुला माहीतच आहे. सारं म्हैसूर आपापली हत्यारं पुसून पुजायला बसतं. मी शिलाई मशीन, कात्री, विळी, अडकित्ता, सगळं पुसून तेल लावून पाटावर मांडलं. ती ऑफिसच्या पूजेला निघाली होती. जाताना म्हणाली, "काकू, माझ्या गाडीलाही दोन फुलं घाला हं." आदल्या दिवशी तिने गाडी धुतली होती. मी गंध लावलं, कुंकू लावलं, शेवंतीचा हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली. मग दिसलं, पुढच्या चाकात ती चकती असते ना, भोकाभोकाची, चकलीच्या साच्यासारखी, तिच्यावर पाण्याने तांबूस डाग धरलेत. मला वाटलं, अय्यो, एवढं सगळं लख्ख आणि हीच तेवढी गंजली! दर रविवारी ही बाई कडीकडीला तेल देते, तेव्हा तेल हे गाडीचं औषधच, असं मी धरून चालले. शिलाई मशीनचं तेल आणलं. चकतीच्या दोन्ही अंगांना लावलं, मऊ कापडाने घासलं. आरशासारखी झाली. संध्याकाळी ती आली, दिव्याच्या उजेडात हार बघून माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "माझ्या गाडीची एवढी हौस कोणी केली नव्हती."

दुसऱ्या दिवशी दसरा. रस्ताभर रांगोळ्या, मेष्ट्रु नवं धोतर नेसून फाटकात. मुलगा व्हरांड्यात दात घासत उभा, बोलायचं मनात जुळवत. ती खाली आली, वस्तू मांडल्या, हार काढून माझ्या हातात दिला, फेरी घातली. मी झाडाआडून सुरू केलं. हवा, साखळी, दिवे.

"ब्रेक?"

तिने गाडी ढकलली. आपलं फाटक उताराला आहे, बघितलंस ना. तिने मूठ दाबली आणि गाडी थांबलीच नाही. लिंबावरून गेली, लिंब फुटलं, गाडी तशीच फाटकाकडे. ती दोन्ही बूट रोवून मागे रेलली, तरी घसरत गेली आणि फाटकाच्या खांबाला गुडघा टेकून कशीबशी थांबली. समोरून दुधाची रिक्षा गेली त्याच वेळी. मी झाडाआडून कधी बाहेर आले मला कळलं नाही.

तिने गाडी स्टँडवर लावली. खाली बसली. चकतीला एक बोट लावलं, बोट नाकाशी नेलं.

"काकू, ह्याला तेल लावलं का कोणी?"

"मी लावलं. गंजत होती म्हणून."

तिने बोट फडक्याला पुसलं. मेष्ट्रु समोरून ओरडले, "एनायितु? काय झालं?" तिने मान वळवून मोठ्याने सांगितलं, "काही नाही मेष्ट्रे! परवा धुतल्यावर माझंच पुसायचं राहिलं!"

पुट्टी, तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. साऱ्या रस्त्यासमोर तिने माझी चूक अशी स्वतःच्या अंगावर घेतली, आणि मी हातात शेवंतीचा हार धरून उभी. तो हार कुठे ठेवावा हेसुद्धा सुचेना.

मुलगा तोंडात फेस तसाच घेऊन खाली आला. त्याला सगळं कळलं होतं. "आणि हायवेवर कळलं असतं तर?"

"हायवेवर कळायचा प्रश्नच नाही," ती म्हणाली. "ते इथेच कळतं. म्हणून तर काकू मला विचारतात."

मग तिने हत्यारं आणली आणि अंगणातच चाकाशी फतकल मारून बसली. ब्रेकच्या वड्या काढल्या. दोन्ही तेलाने माखलेल्या, आता नव्याच घालाव्या लागणार, म्हणजे त्या दिवशी जाणं राहिलं. चकती स्पिरिटने पुसताना तिने मला जवळ बसवलं आणि एक बाजू माझ्याकडून पुसून घेतली. नवी साडी, गुडघे दुखतायत, सारा रस्ता बघतोय, आणि मी पुसतेय. ती म्हणाली, "बाकी सगळ्याला तेल चालतं काकू, हिला नाही. हिचं काम थांबवायचं आहे." मुलगा उभ्या उभ्या बघत होता. एकदा तिने पाना मागितला तर त्याने उचलून दिला.

दुपारी जेवताना तो म्हणाला, "राहू दे त्यांना, आई. इतकं बघून घराबाहेर पडणारं माणूस मी नाही पाहिलं." माझा घास हातातच राहिला. मग तो पुढे म्हणाला, "फक्त एक कर. कुठे जातात, कधी येतात, तेवढं विचारून ठेवत जा. तुझ्याच जिवाला घोर नको."

मला कुठे तो हुकूम वाटला? मला पटलंच ते. तो खांबाला टेकलेला गुडघा माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. ती राहणार होती, आता तिला जपायचं होतं.

पुढच्या रविवारी मी झाडाआड गेले नाही. तिच्या समोर उभी राहिले. सगळं विचारून झालं.

"कुठे?"

"सुम्मने."

"तसं नव्हे गं. खरंच कुठे?"

तिने काच वर केली. माझ्याकडे बघितलं. "बैलकुप्पे."

"एवढ्या लांब? पोचलीस की मेसेज टाक हं."

"टाकते, काकू."

त्याच्या पुढच्या वेळी मी विचारायच्या आधीच म्हणाली, "बेट्टदपूर. डोंगर चढणार नाही, खालूनच परत." मी म्हटलं, "कधी येशील? त्या अंदाजाने भात लावते." तिने वेळ सांगितली आणि त्या वेळेला आली. घामाघूम, धापा टाकत. मी फाटकाशी उभीच होते. एकदा हसत हसत सांगत होती, तळ्याच्या बांधावर बगळे उतरले होते, शेकड्याने; ती थांबली, आणि आठवलं की काकूंना कळवायचं राहिलंय. फोन काढेपर्यंत उडाले. ती हसली म्हणून मीही हसले. काय मूर्ख गं मी!

मग प्रश्नोत्तरं लवकर आटपायला लागली. हातमोजे ती जिन्यातच घालून यायची. पायरीवर काही मांडलेलं नसायचं. एका रविवारी मी "हवा?" म्हटलं आणि ती म्हणाली, "बघितली." ती वाकलीच नव्हती, पुट्टी. मी सुरुवातीपासून तिथे उभी होते. तिने चाकाला हात लावला नव्हता. चार तोंडांना जशी उत्तरं द्यायची तसंच ते उत्तर होतं. तरी मी पुढचा प्रश्न विचारला, कारण दुसरं काय करावं कळेना.

नंतर एका रविवारी गाडीवरचं कापड निघालंच नाही. मी वर गेले. ती खिडकीशी चहा घेत बसली होती, केस न विंचरता.

"बरं नाही का गं?"

"बरी आहे. कंटाळा आला." मग कप खाली ठेवून म्हणाली, "तुम्हाला सांगून झालं ना काकू, की जाऊन आल्यासारखंच होतं."

मी खाली आले आणि मशीनवर बसले. पायडल मारत राहिले. सुईत दोरा ओवलेला नाही हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

संक्रांतीनंतर तिने सांगितलं. बन्नूरकडे, शेताला लागून, एक छोटं घर मिळतंय. तिथून ऑफिसला लांब पडेल, पण जमवेन. तिला वाटलं असेल, मी कारण विचारीन. मी विचारलं, "माझ्यामुळे ना?"

ती "नाही" म्हणाली नाही. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, ती मी लावायला घेतली होती. ती माझ्याशेजारी पायरीवर बसली आणि म्हणाली, "तुम्ही फार चांगल्या आहात. वाईट माणसाला उत्तर न देता निघता येतं, काकू. तुमच्यापासून नाही येत."

मी म्हटलं, "नाही विचारणार मी पुन्हा. शपथ." ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला आणि तिला दोघींनाही ठाऊक होतं. ती राहिली तर मी तोंडाने विचारणार नाही, पण फाटकाशी उभी राहीन. रस्त्याकडे बघत राहीन. आणि माझं ते उभं राहणं तिला बन्नूरच्या रस्त्यावरही दिसत राहील.

सामान टेंपोतून गेलं. गाडी ती स्वतः नेणार होती. त्या सकाळी मात्र तिने सगळं पहिल्यासारखं केलं. बूट हातात घेऊन उतरली. पायरीवर मांडामांड. फेरी घातली, वाकून, दोन्ही चाकांना तळवा लावून. आरसे माझ्याच साडीच्या तुकड्याने पुसले. "विचारा, काकू." मी विचारलं. एकही गाळला नाही. तिने ब्रेक दाबला, उतारावर चाक जागच्या जागी थांबलं. "धरतोय," ती म्हणाली. कागद, पाणी. वरचा गॅस आता तिचा नव्हता, पण तोही विचारला.

मग शेवटचा राहिला. ती गाडीवर बसलेली, काच वर, माझ्याकडे बघत थांबलेली. मी ओठ घट्ट मिटले. ती थांबली. मेष्ट्रुसुद्धा समोर चूळ भरायची थांबवून बघत होते. मी नाही विचारलं. तिने हळूच काच खाली केली आणि गेली.

ती वाट बघत होती का गं, मी विचारीन म्हणून? निदान त्या दिवशी तरी तिला तो एक शब्द म्हणायचा होता का? की मी गप्प राहिले तेच बरं केलं? किती रविवार झाले, मला अजून कळत नाही. चूक एकदा विचारून केली की एकदा न विचारून, तेवढंही सांगता येऊ नये! वरच्या खोल्यांत आता दोन मुलं राहतात, लॅपटॉपवाली. बिचारी चांगली आहेत. ती कधी येतात, कधी जातात, मी बघत नाही. मुद्दाम मशीनची जागा बदलून पाठमोरी बसते.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. तिकडे उसाची तोड चालली आहे म्हणाली, सगळीकडे गोड वास सुटलाय, या ना काकू. मी म्हटलं, "बघते गुडघे काय म्हणतात." गुडघ्यांना काही झालेलं नाही. बन्नूरची बस आपल्या चौकातच मिळते. पण तिच्या दारात एकटीने उभं राहायचं आणि तिच्या तोंडाकडे बघायचं, ते माझ्याने होईना. फोन ठेवल्यावर पदराने तोंड पुसलं, कोणी बघत नसताना.

म्हणून तुला सांगते आहे. तू बरोबर असलीस की ती आधी तुझ्याशी बोलेल, तुला शेत दाखवेल, तुझ्या स्कूटरच्या चाकांना हात लावून चार शिव्या देईल. तेवढा वेळ मला तिच्या ओट्यावर गप्प बसता येईल. तेवढा मिळाला तर मग मान वर करता येईल असं वाटतं. पुट्टी, ह्या रविवारी ये. रविवार नाही जमला तर मधे कधीही ये. पण ऊस संपायच्या आत ये गं.